साधं सॅन स्टोरेज मेनफ्रेमला चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: विंडोज-लिनक्स सर्व्हरांसाठी घेतलेल्या सॅन स्टोरेजमध्ये (जाळ्यावरून अनेक सर्व्हरांना मिळणाऱ्या सामायिक डिस्कपेटीत) भरपूर जागा पडून आहे आणि मेनफ्रेमच्या डॅस्डीवरची, म्हणजे त्याच्या डिस्कवरची, जागा संपत आली आहे. दोन्हीकडे फायबर चॅनेलच आहे, मग तीच डिस्क मेनफ्रेमला का देऊ नये?

आधी एवढं तपासा की ती जागा नक्की कोणाला हवी आहे. मेनफ्रेमवरच्या लिनक्सला हवी असेल तर खुशाल द्या. झेडव्हीएमला, म्हणजे एकाच मेनफ्रेमवर अनेक व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) चालवणाऱ्या प्रणालीला, हवी असेल तरी जमेल. झेडओएसला, म्हणजे मेनफ्रेमच्या मुख्य ऑपरेटिंग सिस्टीमला, हवी असेल तर थेट जमणार नाही, आणि त्याचं कारण केबलमध्ये नाही.

गोंधळ होतो तो इथेच. मेनफ्रेमचं फायकॉन एक्सप्रेस कार्ड एकच, फायबर तेच, स्विचही तोच असू शकतो. पोर्टचा चॅनेल प्रकार एफसी ठेवला तर त्यावरून फायकॉन जातं, म्हणजे मेनफ्रेमचे चॅनेल प्रोग्राम (डिस्कला द्यायच्या आज्ञांची मालिका). एफसीपी ठेवला तर साध्या सर्व्हरांच्या डिस्कना कळणाऱ्या स्कझी कमांड जातात. स्कझी डिस्क ‘अमुक नंबरचा ब्लॉक दे’ एवढंच ऐकते. झेडओएस मात्र सिलिंडर, ट्रॅक आणि रेकॉर्ड या हिशेबात मागणी करतं, आणि त्या रेकॉर्डची लांबी दर वेळी वेगळी असू शकते.

ही सीकेडी पद्धत, म्हणजे काउंट-की-डेटा, 1964 च्या सिस्टीम/360 बरोबर आली. तेव्हा मेमरी अतिशय महाग होती, म्हणून रेकॉर्डला किल्ली लावून शोधायचं काम डिस्कच्या कंट्रोल युनिटवर टाकलं गेलं. त्या काळात हा निर्णय फार विचारपूर्वक घेतलेला होता, हे मी आजही नव्या मुलांना आवर्जून सांगतो. आज व्हीसॅम (झेडओएसची फाइल पद्धत) आणि डीबी2 (डेटाबेस) यांचा डेटा जवळजवळ ठरावीक आकाराच्या ब्लॉकमध्येच असतो. पण व्हीटीओसीच्या, म्हणजे डिस्कवरच्या डेटासेटच्या (फाइलींच्या) सूचीच्या, प्रत्येक नोंदीत 44 बाइटची किल्ली आणि 96 बाइटचा डेटा असतो, आणि पीडीएसच्या (अनेक सदस्य असलेल्या डेटासेटच्या) डिरेक्टरीत 256 बाइटच्या ब्लॉकला 8 बाइटची किल्ली असते. पाया असा असल्यामुळे सीकेडी काढून टाकणं सोपं नाही.

खरी 3390 डिस्क, म्हणजे झेडओएस आजही जिच्या हिशेबाने चालतं ती आयबीएमची जुनी डिस्क, आता कुठेच फिरत नाही. 1990 मध्ये ईएमसीच्या सिमेट्रिक्सने लहान, बाजारात मिळणाऱ्या डिस्क एकत्र करून आयबीएमच्या डॅस्डीचं सोंग घेतलं. 1994 मध्ये आयबीएमनेही रॅमॅकमध्ये तोच मार्ग धरला. म्हणजे आतली डिस्क केव्हाच सर्वसाधारण झाली आहे. स्टोरेजचा कंट्रोलर 3390 ची भाषा बोलतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आणि ती भाषा बारकाव्यांसकट बोलावी लागते. 3390 च्या ट्रॅकवर जास्तीत जास्त 56,664 बाइट बसतात. 80 बाइटचे सुटे ब्लॉक लिहिले तर ट्रॅकवर 78 च मावतात, म्हणजे फक्त 6,240 बाइट. 4 केबीचे 12 मावतात. 27,998 बाइटचे दोन मावतात आणि ट्रॅक जवळजवळ भरतो. दोन रेकॉर्डांमधल्या ज्या मोकळ्या फटींमुळे हे व्हायचं त्या आता नाहीत, पण हिशेब जुनाच चालतो. म्हणून नवीन डिस्क मागण्याआधी तुमच्या जुन्या डेटासेटचे ब्लॉकसाइझ जरूर बघा. बरीच जागा तिथेच सापडते, आणि फुकट.

तुमचं स्टोरेज आयबीएमच्या डीएस8000 सारखं असेल, तर एकाच पेटीत सीकेडी आणि फिक्स्ड ब्लॉक (स्कझीचे ठरावीक आकाराचे ब्लॉक) दोन्ही राहतात. तरी एक एक्स्टेंट पूल (जागेचा साठा) एकाच प्रकारचा असतो. लिनक्सच्या पूलमधली मोकळी जागा उचलून झेडओएसला देता येत नाही. शिवाय फायकॉन पोर्ट आणि सीकेडीचा परवाना लागतो. मधल्या दर्जाच्या बहुतेक सॅन पेट्यांमध्ये ही सोयच नसते.

लिनक्सचं काम सोपं. एफसीपी सबचॅनेल द्या, एनपीआयव्ही (एका पोर्टवर अनेक आभासी पोर्ट दाखवण्याची सोय) चालू करा म्हणजे प्रत्येक गेस्टला स्वतःचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा पत्ता) मिळतो आणि झोनिंग, म्हणजे कोणी कोणती डिस्क बघायची ते ठरवणं, नेहमीच्या सर्व्हरसारखं करता येतं. मल्टिपाथ, म्हणजे डिस्ककडे जाणारे अनेक रस्ते सांभाळणं, मात्र आता लिनक्समध्येच बसवायचं आहे. फायकॉनवर हे काम चॅनेल सबसिस्टीम गुपचूप करत असते, त्यामुळे मेनफ्रेमवाल्यांच्या ते लक्षात राहत नाही. किमान दोन कार्डांवरून दोन वेगळ्या फॅब्रिकमध्ये (स्विचच्या जाळ्यांत) रस्ते न्या.

झेडव्हीएममध्ये 5.1 आवृत्तीपासून, म्हणजे 2004 पासून, ईडिव्हाइसची सोय आहे: स्कझी लनला (सॅनवरच्या एका डिस्कला) झेडव्हीएम 9336 एफबीए, म्हणजे ठरावीक ब्लॉकच्या, डिस्क म्हणून दाखवतं. पेजिंगला आणि मिनीडिस्कला (गेस्टला दिलेल्या डिस्कच्या तुकड्याला) ते छान चालतं. पण प्रत्येक आय-ओमागे (वाचन-लेखनामागे) सीपीला, म्हणजे झेडव्हीएमच्या गाभ्याला, भाषांतर करावं लागतं आणि त्यात प्रोसेसर खर्च होतो. मोठा डेटाबेस असलेल्या लिनक्स गेस्टला एफसीपी थेट जोडा, ईडिव्हाइसमधून नेऊ नका.

झेडओएससाठी त्या सॅनचा उपयोग आडवाटेने होतो, आणि माझ्या मते तुम्ही तिथेच लक्ष घालावं. पुढे फायकॉन आणि मागे साधं स्टोरेज असलेले व्हर्च्युअल टेप गेटवे मिळतात. झेडओएसला ती 3490 किंवा 3590 टेप वाटते. बॅकअप, एचएसएमने (न वापरलेला डेटा स्वस्त जागी हलवणाऱ्या प्रोग्रामने) हलवलेले जुने डेटासेट, डम्प हे सगळं तिकडे गेलं की महागडी डॅस्डी ऑनलाइन कामासाठी मोकळी होते. झेडओएस युनिक्सच्या फाइलींसाठी एनएफएस क्लायंटही (नेटवर्कवरच्या फाइली वापरण्याची सोय) आहे, पण व्यवहाराचा डेटा त्यावर ठेवू नका.

विक्रेत्याशी बोलताना ‘मेनफ्रेम सपोर्ट आहे का’ असं विचारू नका. तुमच्या झेडओएसच्या नेमक्या आवृत्तीसाठी फायकॉनवर 3390 मिळेल का, हायपरपॅव्ह (एकाच डिस्कवर एकाच वेळी अनेक आय-ओ) चालेल का आणि तुमची सध्याची रिमोट कॉपी (दूरच्या जागी ठेवलेली प्रत) व हायपरस्वॅप (डिस्क बिघडली तर काम न थांबवता प्रतीवर जाणं) त्यावर टिकेल का, या तिन्हींची उत्तरं लेखी घ्या.