रबाळे एमआयडीसीत बनवलेला ३१६ स्टेनलेसचा व्हॉल्व्ह पाण्याने प्रेशर टेस्ट केला, तर तो द्रव सोडियमसाठी चालेल का?

नाही, तेवढ्याने चालणार नाही. उलट पाण्याची टेस्टच इथे धोक्याची आहे. बेलोजच्या (व्हॉल्व्हची दांडी सीलबंद ठेवणाऱ्या घडीदार धातूच्या नळीच्या) वळ्यांत थोडं पाणी राहिलं तरी सोडियमशी गाठ पडताच हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा तयार होतो. म्हणून गळती शक्यतो हेलियमने तपासा. पाणी वापरावंच लागलं, तर व्हॉल्व्ह नंतर गरम करून व्हॅक्यूमखाली पूर्ण कोरडा करा.

खरी परीक्षा सोडियमच्या लूपमध्ये, म्हणजे गरम सोडियम फिरत राहणाऱ्या बंद पाइपच्या चक्रात होते. सोडियम ९८ अंशांना वितळतं आणि ८८३ला उकळतं, त्यामुळे दाब फारसा नसतो. त्रास देतं ते तापमान. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या पीएफबीआर या सोडियमने थंड होणाऱ्या अणुभट्टीच्या आराखड्यात गाभ्यातून निघणारं सोडियम सुमारे ५४७ अंशांचं धरलं आहे. इतक्या उष्णतेत स्टेनलेस हळूहळू ताणलं जातं, म्हणजे क्रीप होतं. सोडियम उष्णता झटकन वाहून नेतं, म्हणून तापमान अचानक बदललं की वेल्डला थर्मल शॉक बसतो. माझ्या मते तुम्ही सर्वात आधी वेल्डच बघा.

सोडियममधला ऑक्सिजनही कोल्ड ट्रॅप (सोडियम थंड करून त्यातली अशुद्धी अडवणारं उपकरण) लावून काही पीपीएमवर (दशलक्षात काही भाग) ठेवावा लागतो. तो वाढला की गंज वाढतो आणि टेस्टचे आकडे फसवे येतात.

आणि कृपा करून सोडियमचा प्रयोग वर्कशॉपमध्ये करू नका, विशेषतः पावसाळ्यात.