टेप लायब्ररीचे मॅगझीन थ्रीडी प्रिंटरवर करून घ्यावे का?

आपल्या २४ स्लॉटच्या एलटीओ लायब्ररीचे (संगणकाच्या माहितीच्या टेपा सांभाळून त्या आपोआप लावणाऱ्या यंत्राचे) एक मॅगझीन, म्हणजे टेपांच्या कार्ट्रिज ठेवायचा खणांचा (स्लॉटचा) ट्रे, तुटले असून नवे महाग पडते, म्हणून ते थ्रीडी प्रिंटरवर करून घ्यावे का आणि त्याची मापे कुठे मिळतील, असे आपण विचारले आहे. करून घेऊ नये. 'प्लास्टिकच्या खोक्याला इतके पैसे कशाला?' असे म्हणत आमच्या खरेदी विभागाने जादा मॅगझीनसाठी हाच उद्योग केला होता आणि त्याचा ठपका शेवटी माझ्यावर आला, म्हणून सविस्तर लिहितो.

पीएलए प्लास्टिकची ती नक्कल दिसायला हुबेहूब होती आणि कार्ट्रिजही तिच्यात नीट बसत होत्या. पहिल्याच इन्व्हेंटरीत (कोणत्या स्लॉटमध्ये काय आहे हे यंत्र तपासते त्या फेरीत) मात्र, आम्ही चारच कार्ट्रिज ठेवलेल्या असताना, तिचे बाराही स्लॉट भरलेले दिसले. आमच्या मॉडेलच्या मूळ मॅगझीनमध्ये प्रत्येक स्लॉटच्या मागच्या भिंतीवर एक बारकोडपट्टी असते; ती रीडरला दिसली की स्लॉट रिकामा आहे हे कळते. नकलेत ती पट्टीच नव्हती, तेव्हा आत लेबल नसलेली कार्ट्रिज असावी असे यंत्राने धरले, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही.

पट्ट्या छापून चिकटवल्या आणि काम सुरू झाले. पुढे मे महिन्यात, टेपा दुसऱ्या जागी ठेवून परतताना, ती रिकामी नक्कल दुपारभर गाडीच्या डिकीत राहिली. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. तिला नजरेत न भरणारा बाक आला. एलटीओ कार्ट्रिज २१.५ मिलिमीटर जाडीची असते आणि ग्रिपर, म्हणजे रोबोटचा पकडणारा हात, ठरलेल्या जागी जाऊन तिच्या बाजूच्या खाचांत पकड घेतो. त्या रात्री त्याने नकलेतली एक कार्ट्रिज तिरकी ओढली, ती अर्धवट बाहेर येऊन अडकली आणि तिच्यामुळे मॅगझीनही बाहेर निघेना. अहवालात 'रोबोट सदोष, देखभाल अपुरी' असे लिहिले गेले. देखभाल माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी मूळ मॅगझीन घालून तोच रोबोट सर्वांसमोर चालवून दाखवला, तरी अहवालातला शब्दही बदलला नाही.

तेव्हा आपल्या खरेदी विभागाला लेखी कळवा, की हालचालीत कार्ट्रिज निसटू नये, पण ग्रिपरने ओढताच ती सुटावी, एवढा नेमका दाब स्लॉटने द्यायचा असतो आणि पैसे त्याचे असतात, खोक्याचे नव्हेत. पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा. मी ठेवली नव्हती.

नुसत्या कपाटात टेपा ठेवण्यासाठी प्रिंट केलेला ट्रे चालेल. शिवाय माझा अनुभव लहान लायब्ऱ्यांचा आहे. स्पेक्ट्रा लॉजिक या कंपनीच्या मोठ्या लायब्ऱ्यांत रोबोट दहा एलटीओ कार्ट्रिजचा अख्खा ट्रेच बाहेर काढतो, तिथला हिशेब वेगळा. मापांचे म्हणाल, तर आमच्या नकलेची फाइल माझ्याकडे अजून आहे, पण ती मी देणार नाही.