पस्तीस दिवस बोटीवर, तेही दोघंच?

प्रश्न: ताई, रिटायर झाल्यापासून ह्यांच्या डोक्यात क्रूझचं खूळ शिरलंय. चार दिवसांची नाही हां, अटलांटिक ओलांडून पनामा कालव्यातून पॅसिफिकमधे, चांगली ३५ दिवसांची. मला गाडीत मागे बसलं तरी मळमळतं. आणि खरं सांगू का, त्याहून जास्त धास्ती आहे ती एका खोलीत दोघांनी इतके दिवस काढायची. घरी निदान आतल्या खोलीत जाऊन बसता येतं. काय करू?

उत्तर: जा हो. फक्त केबिन बुक करताना तुम्ही स्वतः शेजारी बसा, कारण हे हमखास सगळ्यात वरच्या डेकवरची बाल्कनी पसंत करणार आणि बोट वरती अन् दोन्ही टोकांना जास्त हलते. सी-सॉच्या मधोमध बसलेल्याला काही कळत नाही ना, तसंच आहे ते. म्हणून बोटीच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन बघा, ती बऱ्याचदा स्वस्तही पडते. मोठ्या बोटींना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यांनी डावी-उजवीकडे कलणं बरंच कमी होतं पण पुढून-मागून वरखाली होणं नाही थांबत. मळमळीची गोळी आधीच घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. कानामागे लावायची पट्टी पण मिळते, मात्र काचबिंदू वगैरे असेल तर डॉक्टरला विचारूनच.

आता खोलीचं. आमच्या केबिनमधे एकाने चालायचं तर दुसऱ्याने बेडवर पाय वर घेऊन बसायचं, एवढीच जागा. आणि आमचं पहिलं भांडण कशावरून झालं माहितीये? हँगरवरून! बोट हलली की कपाटातले रिकामे हँगर टिंग-टिंग वाजायचे, आमचे हे म्हणे तू लावलेस तू काढ, मी म्हणे तुम्हाला ऐकू येतंय तर तुम्ही उठा, शेवटी रात्री दोन वाजता मीच उठून मधेमधे मोजे कोंबले तेव्हा कुठे डोळा लागला.

त्यानंतर आम्ही ठरवून वेगळे फिरायला लागलो. नाश्ता एकत्र, मग जेवणापर्यंत कोणी कोणाला विचारायचं नाही. अटलांटिक ओलांडताना सलग पाच-सहा दिवस जमीन दिसत नाही, तेव्हा तर हे हवंच. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर बोटीचं सॅटेलाईट नेटवर्क पकडून भरमसाठ बिल येतं. निरोपासाठी चार लोहचुंबक न्या, केबिनच्या भिंती बहुतेक पत्र्याच्या असतात, चिठ्ठ्या मस्त चिकटतात. तुमची बोट पश्चिमेकडे जातीये हेही बरंच आहे, मधेमधे घड्याळ एक तास मागे होतं आणि झोप जास्त मिळते. उलट्या दिशेने जाणारे बिचारे तेवढीच झोप गमावतात.

पनामाच्या दिवशी मात्र दोघं पहाटेच डेकवर जा. १९१४ साली सुरू झालेला हा साधारण ८० किलोमीटरचा कालवा, त्यात लॉकमधे, म्हणजे दोन्हीकडे दारं असलेल्या मोठ्या हौदात, पाणी भरून अख्खी बोट २६ मीटर वर उचलतात. जुन्या लॉकमधून जाणार असाल आणि बोट त्या मापाची असेल तर भिंत दोन्हीकडून जेमतेम दोन फुटांवर असते, आणि बोटीला दोर लावून बाजूने इलेक्ट्रिक इंजिनं चालतात, त्यांना तिथे खेचरं म्हणतात! आम्ही तीन तास डेकच्या कठड्यावर रेलून उभे होतो, भांडायचं सुचलंच नाही.

प्रश्न: बंदरात आपलं आपण फिरलो आणि उशीर झाला तर बोट थांबते का?

उत्तर: नाही थांबत. बोटीवरूनच घेतलेल्या टूरला उशीर झाला तर सहसा थांबतात, नाहीतर पुढचं बंदर तुम्ही स्वखर्चाने गाठायचं. फोन आपोआप तिथली वेळ दाखवतो आणि बोटीची वेळ कधीकधी वेगळी असते, तिथेच लोक फसतात. मनगटावर साधं घड्याळ बांधा, बोटीच्या वेळेवर लावलेलं, आणि निघायच्या वेळेच्या दोन तास आधीच परत फिरा.