अमेरिकन फुटबॉलमधले ‘फोर हॉर्समेन’ म्हणजे नक्की कोण?

१९२४ च्या नोटर डेम विद्यापीठ संघाचे चार खेळाडू: क्वार्टरबॅक (म्हणजे संघाच्या चढाईची सूत्रं हाती असलेला खेळाडू) हॅरी स्टुलड्रेअर आणि त्याच्यामागे जिम क्राउली, डॉन मिलर, एल्मर लेडन. १८ ऑक्टोबर १९२४ ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्यांनी आर्मीला, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाला, १३-७ ने हरवलं. पत्रकार ग्रँटलंड राइसने आपल्या वृत्तान्तात त्यांना बायबलमधल्या विनाश घेऊन येणाऱ्या चार घोडेस्वारांची (फोर हॉर्समेन) उपमा दिली आणि नाव कायमचं चिकटलं.

पण नुसत्या उपमेने दंतकथा होत नाही. संघाच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या जॉर्ज स्ट्रिकलर या विद्यार्थ्याने चौघांना खेळाच्या पोशाखातच खऱ्या घोड्यांवर बसवून फोटो काढवला. तो देशभर छापून आला.

आणि हे काही धिप्पाड गडी नव्हते! एकाचंही वजन ७४ किलोंच्या वर नव्हतं. प्रशिक्षक नूट रॉकनीचा भर वेगावर आणि अचूक वेळ साधण्यावर होता. त्या मोसमात संघ दहाही सामने जिंकला. शेवटचा रोझ बोल हा मोसमाअखेरचा मानाचा सामना, स्टॅनफर्डविरुद्ध २७-१०, त्यात लेडनचे तीन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेऊन केलेले गुण).

त्यांना वाट मोकळी करून देणारे पुढच्या फळीतले सात जण मात्र ‘सेव्हन म्यूल्स’, म्हणजे सात खेचरं. माझ्या मते निम्मं श्रेय त्यांचंच.