फुगडी फिरू द्या, निवेदन थांबवा

कॅमेऱ्यामागून : वाचकांचे प्रश्न, संकलकाची उत्तरं

प्रश्न : आमच्या वस्तीत श्रावणात मंगळागौरीचे खेळ होतात. गेल्या वर्षीपासून आम्ही विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांनाही खेळायला बोलावतो. आधी कुरबूर झाली, आता त्या हक्काने येतात. यावर पदरच्या पैशांनी छोटा माहितीपट करायचाय. दोन मोबाइल आहेत. ओळखीतले एक सर म्हणतात, सुरुवातीला विधवा प्रथेची आकडेवारी आणि निवेदन द्या, मान्यवरांची मनोगतं घ्या, खेळांची दृश्यं त्यामागे तुकड्यातुकड्यांनी दाखवा. आम्हाला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही.
– एक वाचक, पर्वती पायथा, पुणे

उत्तर : ताई, तुमचं न पटणंच बरोबर आहे. जिला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही, ती बाई चारचौघींत दुसरीचे हात धरून गरगर फिरतेय. याहून मोठं विधान कुठले मान्यवर करणार? निवेदन सुरू झालं की प्रेक्षक ऐकायला लागतो आणि पाहायचं थांबतो. वस्त्यांमध्ये, मंडळांच्या हॉलमध्ये मी हे अनेकदा पाहिलंय. मनोगत चालू असताना मागच्या रांगेत गप्पा सुरू होतात, आणि पडद्यावर पाय थिरकायला लागले की त्याच बायका पुढे सरकून बसतात.

तेव्हा फुगडी अख्खी दाखवा. सुरुवातीचं आढेवेढे घेणं, पदर खोचणं, वेग चढणं, शेवटी धापा टाकत भिंतीला टेकणं, सगळं. हॉलिवूडचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर १९३०च्या दशकात आग्रह धरायचा की नाचताना आपण डोक्यापासून पायांपर्यंत दिसलो पाहिजे आणि मध्ये कापाकापी कमीत कमी हवी. ते आपल्या झिम्म्यालाही लागू आहे. पाय कापले गेले की नाच गेला. मोबाइल आडवा धरा, उंबऱ्याबाहेर जा, कमरेच्या उंचीवर स्थिर ठेवा आणि एक खेळ पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. दुसऱ्या मोबाइलने फक्त चेहरे टिपा. पुढच्या खेळाला फक्त पावलं. घरातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइलमध्ये हाताने सेटिंग करता येत असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, लपलप थांबेल.

आता एक दृश्य मी तुमच्याकडे मागूनच घेते. फुगडीत दोघी हातांची कात्री करून एकमेकींना धरतात, पावलं जुळवतात आणि मागे झुकतात. एकीचा तोल पूर्णपणे दुसरीच्या पकडीवर असतो. ती पकड जवळून घ्या : एकीच्या हातात हिरवा चुडा, दुसरीचं मनगट मोकळं, आणि पकड दोन्हीकडून सारखीच घट्ट. पण हे एकदाच. कुंकू नसलेल्या कपाळावर, बांगड्या नसलेल्या हातांवर कॅमेरा पुन्हापुन्हा गेला तर त्या बाईची कीव यायला लागते. ती तिथे खेळायला आलीय, कीव करून घ्यायला नाही.

चळवळीचं गाणं किंवा नाच फिल्ममध्ये कसा ठेवावा यासाठी आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट मिळाला तर सगळ्याजणी मिळून पाहा. ११ जुलै १९९७ला मुंबईत रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी तिथून पुढे १४ वर्षं चित्रीकरण केलं आणि २०११मध्ये चित्रपट पूर्ण केला. त्यात जातिव्यवस्थेविरुद्ध गाणी गाणारा आपल्या पुण्यातला कबीर कला मंचही आहे. त्यातली गाणी पार्श्वसंगीत म्हणून येत नाहीत. गाणारा समोर उभा राहून गातो आणि आपण शेवटपर्यंत ऐकतो.

संदर्भ हवाच असेल तर शेवटी दोन ओळींची पाटी पुरे. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६मध्ये. तेव्हा झगडा शिक्षणासाठी होता. हसण्याखेळण्यासाठी तो अजून चालू आहे, ही गोष्ट मला फार लागते, आणि म्हणून तुमची फिल्म व्हावी असं मनापासून वाटतं.

सर्वांत नाजूक बाब संमतीची. सासरचे काय म्हणतील, ही भीती खरी असते. कागदावर नुसता अंगठा घेऊन भागणार नाही. फिल्म कुठे कुठे दाखवणार, यूट्यूबवर टाकणार का, हे प्रत्येकीला एकटीला गाठून सांगा. कच्चं संकलन झालं की पहिला खेळ त्यांच्यासाठी लावा, बाहेरचं कोणी नको. त्यानंतर एखादी म्हणाली, ‘मला काढा’, तर काढायचं; कितीही सुंदर दृश्य असो. मी अशी दृश्यं काढलेली आहेत. फिल्म त्याने लंगडी होत नाही.

गाणी त्यांच्याच तोंडची ठेवा. पिंग्याची, झिम्म्याची पारंपरिक गाणी कोणा एकाच्या मालकीची नाहीत. पण कंपनीने काढलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण मात्र मालकीचं असतं. ते वर चिकटवायचा मोह टाळा. बायकांचे थकलेले, सुटलेले, हसण्यात बुडालेले आवाज आणि फुगडीतला तो ‘फू’ यांची सर त्याला येणार नाही.

प्रश्न : आमच्या लेझीम पथकात मुलं-मुली एकत्र खेळतात, त्यावर फिल्म करतोय. लेझमीचा आवाज फाटतो. शिवाय मिरवणुकीत वाजलेलं सिनेमातलं गाणं फिल्ममध्ये चालेल का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : लेझमीच्या चकत्यांचा आवाज एकदम उसळतो, त्याला मोबाइलचा माइक घाबरतो. वेगळा रेकॉर्डर घ्या, पथकापासून दहा-बारा पावलं लांब ठेवा, पातळी हाताने कमी करा. सगळ्यात मोठा ठोकाही रेकॉर्डरच्या मीटरवर उणे सहा डेसिबलच्या (-6 dB) वर जाता कामा नये. कमी आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवणं सोपं जाईल.

गाण्याचं उत्तर : परवानगीशिवाय नको. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण फिल्मला गाणं जोडणं ही वेगळी गोष्ट. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो, गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. परवानगी दोन्हीकडची लागते. हलगीवर खेळा आणि तेच चित्रित करा.

प्रश्न : वीस मिनिटांच्या माहितीपटालाही सेन्सॉर लागतं का?
– एक वाचक, येरवडा

उत्तर : लागतं. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्राची अट आहे, आणि लांबी कमी म्हणून सुटका नाही. यूट्यूबसाठी हे प्रमाणपत्र लागत नाही. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, ती आयोजक घेतात. सभागृहात तिकीट लावून किंवा जाहीर खेळ करायचा असेल तर अर्ज ऑनलाइन करता येतो. तारखेची पत्रकं छापण्याआधी तेवढं उरकून घ्या.