घोडा कोणाच्या नावावर आहे?

नाशिकच्या गंगापूर रोडवरून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४४, सातपूरच्या कारखान्यात नोकरी, हातात महिना ९५ हजार, त्यातले २४ हजार घराच्या हप्त्याला. तेरा वर्षांची लेक दोन वर्षं घोडेस्वारी शिकतेय. प्रशिक्षक म्हणतात, आता तिला स्वतःचा घोडा घ्या, किंमत ७ लाख. प्रश्न असा की नऊ वर्षं भरलेली १० लाखांची एन्डोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र) मोडावी, की सोनेतारण कर्ज काढावं?

दोन्ही नको. तुम्हीच दिलेल्या आकड्यांप्रमाणे घोड्याचा खुराक, मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा माणूस), नालबंद आणि डॉक्टर मिळून महिना २५ हजार. म्हणजे वर्षाला ३ लाख, आणि स्पर्धेला घोडा पुण्याला किंवा दिल्लीला न्यायचा खर्च वेगळा. चार वर्षांत २० लाखांच्या पुढे जाल. हप्ता आणि घोडा मिळून पगारातले ४९ हजार दर महिन्याला जाणार. हे तुमच्या घराला झेपणारं नाही.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही जे सहज लिहून गेलात, त्यानं माझी झोप उडाली. 'पागेतल्या स्पर्धेच्या घोड्यात आम्ही सहा पालकांनी प्रत्येकी ३ लाख घातले आहेत. महिन्याला ४,५०० येतात, तीन वर्षांनी साडेचार लाख परत. अश्वारोहण महासंघाला क्रीडा मंत्रालयाची मान्यता असल्यानं सरकारी देखरेख आहेच.'

आधी हिशोब. ३ लाखांवर वर्षाला ५४ हजार म्हणजे १८ टक्के. सहा जणांचे तीन वर्षांत पावणेदहा लाख. घोड्याचा सांभाळ ९ लाख. शेवटी परत द्यायचे २७ लाख. सगळे मिळून सुमारे ४६ लाख. म्हणजे एका घोड्यानं दर महिन्याला सव्वा लाख कमवायला हवेत. तुमच्या पागेत एका शिकवणीचे ७०० रुपये घेतात. रोज तीन शिकवण्या, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी साडेबावन्न हजार होतात, आणि इतका राबवलेला घोडा स्पर्धेला उरत नाही. तुम्हीच लिहिता, घोडा आज अकरा वर्षांचा आहे. तीन वर्षांनी तो चौदाचा होईल. त्या वयाच्या घोड्याला कोण जास्त किंमत देणार?

मग तुमचे ४,५०० येतात कुठून? तुम्ही पाठवलेल्या बँकेच्या उताऱ्यात ते एका माणसाच्या वैयक्तिक खात्यातून यूपीआयने आले आहेत. पहिले दोन महिने ५ तारखेला आले, तिसऱ्या महिन्यात १९ तारखेला. माझ्या मते तुमचेच पैसे तुम्हाला थोडे थोडे परत मिळताहेत, आणि पुढे नव्या पालकांचे मिळतील. नाशिकमध्ये २०१४ साली केबीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीच्या प्रकरणात तिप्पट पैशांच्या आशेनं हजारो घरं बुडाली. ते सगळं या शहरानं डोळ्यांनी पाहिलंय. तरीही १८ टक्के खात्रीचे म्हटलं की आपण कागद न वाचता सही करतो, याचा मला खरंच त्रास होतो.

आता कागद. ५०० रुपयांचा मुद्रांक, नोटरीचा शिक्का, आणि घोड्याचं वर्णन एवढंच: 'एक घोडा, रंग कुमैत.' अहो, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी, नाशिकमधले निम्मे घोडे कुमैत असतील! स्पर्धेच्या घोड्याची महासंघाकडे नोंदणी असते, पासपोर्ट असतो. त्यात अंगावरच्या पांढऱ्या खुणा, भोवरे, लसीकरण आणि मालक यांची नोंद असते. तुमच्या करारात पासपोर्टचा क्रमांकच नाही. सातव्या कलमात मात्र स्पष्ट लिहिलंय, 'खर्च वाढल्यास भागधारकांनी हिश्श्याप्रमाणे भरावा.' किती, याला मर्यादा नाही. आणि घोडा मेला तर काय, यावर एक अक्षर नाही. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की एका रात्रीत जीव जाऊ शकतो. माझा सल्ला घेणाऱ्या एका गुंतवणूकदाराची घोडी संध्याकाळी हरभरे खात होती आणि पहाटे गेली. विमा पागेच्या नावावर होता, पैसे पागेला मिळाले.

सरकारी देखरेखीबद्दलचा तुमचा समज तर मुळातच चुकीचा आहे. सरकार महासंघाला मान्यता देतं, प्रशिक्षणाला आणि स्पर्धांना अनुदान देतं, आणि त्या पैशांचा हिशोब मागतं. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली. अश्वारोहण महासंघात मताचा हक्क क्लबांचा की राज्य संघटनांचा, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. या सगळ्यात तुमच्या पागेची फी, तुमचा करार आणि तुमचे ३ लाख कुठेच येत नाहीत. ते कोणी तपासलेले नाहीत.

तुमच्या कामाचे कायदे दुसरे आहेत. परवानगीशिवाय लोकांकडून ठेवी घेण्यावर २०१९ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त करता येते. अनेकांचे पैसे एकत्र करून नफ्याचं आश्वासन द्यायचं असेल तर सेबी या बाजार नियामक संस्थेची नोंदणी लागते. शिकवणीच्या फीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. फक्त पावती हवी. दोन वर्षांत तुम्ही १ लाख ८० हजार फी भरलीत आणि एकही पावती घेतली नाहीत. या महिन्यापासून पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

प्रशिक्षक हांगझोऊच्या सुवर्णपदकाचा फोटो दाखवतात म्हणता. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरावीक हालचाली करून घेण्याचा प्रकार) संघानं ४१ वर्षांनी अश्वारोहणातलं सुवर्ण आणलं, ऊर भरून यावा असाच तो दिवस होता. पण ती मुलं वर्षानुवर्षं युरोपात राहून शिकली. तो खर्च आणि तुमचा पगार यांची सांगड बसत नाही. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरलेल्या स्पर्धांतलं प्रावीण्य लागतं, प्रमाणपत्राची पडताळणी होते. त्या भरवशावर ७ लाख लावू नका.

लेकीची स्वारी मात्र थांबवू नका. पागेच्याच घोड्यावर, तासाचे पैसे देऊन शिकू द्या. पॉलिसी आज मोडू नका, पण तिच्यावर विसंबूही नका. १० लाखांच्या विम्यावर तुमचं घर वर्षभरही तरणार नाही. आधी १ कोटीचा मुदतीचा विमा घ्या, तुमच्या वयाला वर्षाला साधारण २०-२५ हजार पडतील.

आणि येत्या रविवारी बाकीच्या पाच पालकांना बरोबर घेऊन पागेत जा. घोडा बाहेर काढायला लावा, पासपोर्ट हातात घ्या, त्यातली खूण न खूण घोड्याशी ताडून बघा, मालकाच्या जागी कोणाचं नाव आहे ते वाचा. खरेदीचं बिल मागा. मग ३ लाख परत करा असं सहाही जणांच्या सहीनं लेखी द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. उरलेल्या पालकांना आजच फोन करा, कारण सातवा पालक शोधणं एव्हाना सुरू झालं असेल.