कचरा डेपोतील वायू आणि तारखेचा कोरा रकाना

पुणे शहराच्या हद्दीलगत, बंद केलेल्या एका कचरा डेपोच्या कुंपणाला लागून असलेल्या गृहसंस्थेच्या सचिवांचे पत्र आले आहे. पावसाळा लागला की तळघरातील पार्किंगमध्ये उग्र वास कोंडतो, गेल्या महिन्यात लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या मिस्त्रीला भोवळ आली, आणि तक्रार केली असता एक कार्यालय निविदेचे कारण सांगते, दुसरे पहिल्याला नोटीस दिल्याचे कळवते, तर तिसरे हा विषय आपल्या अखत्यारीतला नसल्याचे उत्तर देते. तेव्हा कारवाईचा अधिकार आहे तरी कोणाला, असा त्यांचा प्रश्न आहे. अशी पत्रे दर पावसाळ्यात येत असल्याने उत्तर येथेच देत आहे.

स्वच्छ हवेचा हक्क, घटनेचे एकविसावे कलम, स्थानिक संस्थेची प्राथमिक जबाबदारी या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत आणि समोरच्यांनाही ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांवर शाई खर्च करीत नाही. आपल्या प्रकरणाचा निकाल लागेल तो पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 च्या कलम 9 वर. विहित मर्यादेपेक्षा अधिक प्रदूषक अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेमुळे बाहेर पडला, अथवा पडण्याची भीती निर्माण झाली, तर त्या जागेच्या प्रभारी व्यक्तीने तो रोखला पाहिजे आणि संबंधित यंत्रणेला तत्काळ कळवले पाहिजे, असे पहिले पोटकलम सांगते. महत्त्वाचे आहे ते दुसरे पोटकलम. ही माहिती प्रभारीकडून आलेली असो वा अन्य मार्गाने मिळालेली असो, ती मिळाल्यावर यंत्रणेने शक्य तितक्या लवकर उपाययोजना करायचीच आहे. तेथे ऐच्छिक असे काही ठेवलेले नाही. या ‘अन्य मार्गा’त आपले पत्र बसते. 1986 च्याच पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार या यंत्रणांत जिल्ह्यातील आपत्तीनिवारण कामाचा प्रभारी अधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रादेशिक अधिकारी हे दोघेही येतात. म्हणजे अधिकार एकाहून अधिक ठिकाणी आहे, आणि ज्याच्याकडे माहिती पोहोचली त्याच्यावर कर्तव्यही आले.

आता आपली कागदपत्रे पाहू. दीड वर्षात आपण मोबाइल ॲपवर तक्रारी नोंदवल्या, त्या ‘निकाली’ म्हणून बंद झाल्या, आणि त्यांचे साधे स्क्रीनशॉटही आपण ठेवले नाहीत. लेखी अर्ज एकच आहे. त्याच्या पोचेवर आवक विभागाचा गोल शिक्का आहे, आवक क्रमांक निळ्या पेनने लिहिलेला आहे आणि तारखेचा रकाना कोरा आहे. माहिती केव्हा मिळाली यावर ज्या कलमाचा सारा डोलारा उभा आहे, त्याच कलमासाठी हा कागद जवळपास निरुपयोगी ठरतो. खिडकीवर आणखी अर्धा मिनिट थांबून तारीख टाकून घेणे अशक्य नव्हते. शिवाय अर्जाचा विषय आहे ‘दुर्गंधीबाबत’. असा विषय असलेला अर्ज आरोग्य निरीक्षकाकडे जातो आणि औषधफवारणी करून बंद होतो.

वास आणि धोका या येथे दोन निराळ्या गोष्टी आहेत. कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा भाग मिथेनचा असतो आणि मिथेनला वास नसतो. आपल्याला येतो तो हायड्रोजन सल्फाइडसारख्या अल्प प्रमाणातील वायूंचा. हवेत मिथेनचे प्रमाण सुमारे 5 ते 15 टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भरावभूमीच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या, जागी मिथेनची पातळी या खालच्या स्फोटमर्यादेच्या 25 टक्क्यांवर, म्हणजे हवेत सुमारे सव्वा टक्क्यावर, जाता कामा नये असे बंधन घातले, वायू बाहेरच्या जमिनीत झिरपू नये म्हणून तो गोळा करण्याची यंत्रणा बसवायला सांगितले आणि डेपो बंद झाल्यावरही किमान 15 वर्षे देखभाल बंधनकारक केली. त्यामुळे ‘डेपो केव्हाच बंद झाला’ हे उत्तर होत नाही. उलट वरून माती टाकून वायूला वाट ठेवली नाही, तर तो आडवा सरकतो, आणि पावसाने वरचा थर भिजून बंद झाला की अधिकच सरकतो. आपला त्रास पावसाळ्यात का वाढतो, याचे हे एक संभाव्य कारण आहे. खात्री मोजणीनेच होईल.

समोरचे वकील काय म्हणतील तेही सांगतो, कारण खरी लढाई तेथेच आहे. कचऱ्यातून वायू निघणे ही नित्याची प्रक्रिया आहे, तो ना अपघात ना अनपेक्षित घटना, म्हणून कलम 9 लागूच होत नाही, असे ते म्हणतील. म्हणू द्यावे. ही गोष्ट अपेक्षितच होती असे एकदा प्रतिज्ञापत्रावर आले, की अपेक्षित असूनही वायू गोळा करण्याची यंत्रणा का बसवली नाही याचे उत्तर त्यांनाच द्यावे लागेल, आणि त्याच अधिनियमाच्या कलम 5 खाली निर्देश मागण्याची आपली बाजू भक्कम होईल. अनपेक्षित होते म्हटले, तर कलम 9 आहेच.

निविदेची सबब फार काळ टिकू नये. उपाययोजनेचा खर्च संबंधिताकडून व्याजासह वसूल करण्याची तरतूद कलम 9 मध्येच आहे. डेपोची मालक संस्था महानगरपालिका असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 67 खाली आकस्मिक संकटात आयुक्त तातडीची कारवाई करून नंतर स्थायी समितीला कळवू शकतात. पैसा नाही ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात फेटाळली, तरी ती अजून तितक्याच निरागसपणे पुढे केली जाते. हद्दीच्या वादातही पडू नका. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही पुण्याच्या कचरा डेपोची गावे 2017 साली महापालिकेत आली आणि पुढे त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आपल्या भागातही तसे काही झाले असले, तरी कलम 9 जागेच्या प्रभारीला धरते, हद्दीच्या नकाशाला नव्हे.

बाकीच्या मार्गांबद्दल मी हात राखून बोलेन. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे, पण न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम 14 खालील अर्जाची मुदत वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने आहे आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. आपण दीड वर्ष घालवले. रोज नवे कारण घडते असा युक्तिवाद करता येईल, तो मान्य होईलच असे सांगता येत नाही. भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठीच्या त्याच कायद्याच्या कलम 15 ला पाच वर्षांची मुदत आहे, तो आधार अधिक सुरक्षित वाटतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रव दूर करण्याचा आदेश मागता येतो. तो किती लवकर मिळेल हे त्या कार्यालयातील गठ्ठ्यांवर अवलंबून आहे. बिल्डरविरुद्धची तक्रार हा स्वतंत्र विषय आहे, आणि गॅलरीतून डेपोचा डोंगर दिसत असताना आपण घर घेतले, हे तेथे आपल्याला ऐकावे लागेल.

तूर्त लिफ्टच्या खड्ड्यात कोणालाही उतरू देऊ नका, तळघरात विडी-सिगारेट आणि वेल्डिंग बंद ठेवा, आणि आजच अग्निशमन दलाला बोलावून वायुमापकाने मोजणी करून घ्या. मोजलेला आकडा, जागा आणि वेळ यांची लेखी नोंद मागा. त्यानंतर जिल्हाधिकारी, मंडळाचे प्रादेशिक अधिकारी आणि डेपोची मालक संस्था या तिघांना एकाच मजकुराचे पत्र द्या. विषयात ‘ज्वालाग्राही वायूच्या गळतीमुळे जीवितास धोका, कलम 9(2) अन्वये माहिती’ असे लिहा, मिस्त्रीच्या उपचाराचे कागद आणि मोजणीची नोंद सोबत जोडा, प्रत्येक प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा. सात दिवसांत हालचाल झाली नाही तर त्या तीन पोचा घेऊन वकिलाकडे जा; आणखी एक पावसाळा वाट पाहू नका.